नेटवर्क ऑडिओवर टप्प्याटप्प्यानं जाताना परत परत येणारी ‘टक्’

लक्षण असं. टेक रंगात आलेला असतो आणि हेडफोनमध्ये मध्येच बारीकशी ‘टक्’ वाजते. कधी एकच, कधी लागोपाठ दोन-तीन. वेव्हफॉर्म मोठा करून बघितला तर त्या जागी लाट तुटून पुन्हा चिकटवल्यासारखी दिसते. सगळं बंद करून चालू केलं की बरं होतं आणि मंडळी कामाला लागतात. थोड्या दिवसांनी पुन्हा फोन: “सर, परत येऊलालंय बघा.”

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले बरेच लहान स्टुडिओ सध्या अर्धे जुने, अर्धे नवे आहेत. आपल्याकडचं काम हंगामी. शिवजयंतीच्या चित्ररथांचे संवाद, जत्रेची गाणी, भजनी मंडळांचे अभंग, गणपतीआधी आरत्या, आणि मधल्या काळात मराठी-कन्नड जाहिराती. एकरकमी सगळा स्टुडिओ बदलायची ऐपत फारशी कुणाची नसते. म्हणून यंदा गायनाच्या खोलीत नेटवर्कवर चालणारा प्रीॲम्पचा (माइकचा बारीक आवाज वाढवणारा) डबा येतो, हेडफोनची सोय पुढच्या वर्षावर जाते, आणि कंट्रोल रूममध्ये तोच आठ प्रीॲम्पचा जुना यूएसबी इंटरफेस (माइक आणि संगणक जोडणारा डबा) राहतो. हा मार्ग चुकीचा नाही, मीही हाच सांगतो. पण अशा अर्धवट अवस्थेचे आजार वेगळे असतात. जुनं जिथं नव्याला जोडलं जातं त्या सांध्यात ते असतात, आणि वीज जाऊन आली की नव्यानं उद्भवतात. बंद-चालू केल्यानं सांधा बदलत नाही, म्हणून तर ते परत येतात.

खालचं सगळं डान्टे, म्हणजे नेटवर्क केबलवरून आवाज नेण्याची पद्धत, धरून लिहिलं आहे, कारण आपल्या भागात बहुतेकांकडे तेच आहे. सिडनीची ऑडिनेट ही 2006 साली सुरू झालेली कंपनी ते बनवते. एईएस67 हे 2013 चं मानक वापरणाऱ्या उपकरणांनाही घड्याळाचा (उपकरणांचा ताल ठरवणाऱ्या क्लॉकचा) आणि स्विचचा (नेटवर्कच्या केबली जोडणाऱ्या डब्याचा) भाग बराचसा लागू पडेल. मात्र डान्टे मूळचं पीटीपीची (घड्याळं जुळवायच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती वापरतं आणि एईएस67 दुसरी, त्यामुळे दोन्ही प्रकारची उपकरणं एकत्र नांदवायची असतील तर डान्टेच्या उपकरणात एईएस67 मोड मुद्दाम चालू करावा लागतो.

आधी वेळ नोंदवा

काही उपटण्याआधी पेन घ्या. किंवा त्याहून बरं, शांत खोलीत एक माइक चालू ठेवून अर्धा तास नुसतं रेकॉर्ड करा. मग टाइमलाइनवर प्रत्येक ‘टक्’ला मार्कर लावा. निम्मं निदान इथंच होतं.

ठराविक अंतरानं येत असेल, म्हणजे दर दोन सेकंदांनी किंवा दर सव्वादोन मिनिटांनी अगदी मोजून मापून, तर घड्याळं दोन आहेत. कधीही, कशीही येत असेल तर केबल, स्विच किंवा लॅपटॉप. सुरू केल्यापासून चार-साडेचार मिनिटं सगळं झकास आणि मग एकदम गोंधळ, तर स्विचमधलं मल्टिकास्टचं, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या वाहतुकीचं, सेटिंग. वीज जाऊन आल्यावरच येत असेल तर वरच्यापैकी काहीतरी आहेच, आणि ते पक्कं केलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

आणि ‘टक्’ नसून सलग भुणभुण असेल तर हे सगळं वाचायची गरज नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या आसपासचे लोक फौंड्रीच्या भट्टीला बोल लावतात आणि भुणभुणीच्या बाबतीत ते कधी कधी खरंही असतं. पण तो अर्थिंगचा आणि ॲनालॉग केबलचा विषय, वायरमनला बोलवायचा. नेटवर्कवरून आकडे जातात, त्यांत भुणभुण शिरत नाही. आकडे वेळेवर पोचतात किंवा पोचत नाहीत, एवढंच.

दोन घड्याळं

दोन्ही डब्यांवर 48 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाची 48 हजार मापं (सॅम्पल), लिहिलेलं असतं म्हणून दोघांचं 48 सारखं नसतं. प्रत्येकात आपापला स्फटिक, आणि त्यात थोडा फरक असतोच. समजा, फरक दहा लाखांत दहा भाग इतकाच आहे. तरी सेकंदाला 0.48 सॅम्पलची तफावत पडते, म्हणजे साधारण दोन सेकंदांनी एक सॅम्पल जास्त होतो किंवा कमी पडतो. मध्ये 64 सॅम्पलचा बफर (तात्पुरता साठा) असेल तर तो भरायला किंवा रिकामा व्हायला दोन मिनिटं तेरा सेकंद लागतात, आणि तेव्हा ‘टक्’ होते. मोजून मापून येणाऱ्या आवाजाचं गणित ते हेच. भजनात ठेका एकाच पखवाजाचा असतो, टाळकरी त्याच्यामागून जातात. इथं दोन पखवाज बसलेले असतात.

आपल्याकडच्या अर्धवट सेटअपमध्ये बहुतेकदा जोडणी अशी असते: जुन्या इंटरफेसच्या एडॅट (एका ऑप्टिकल केबलमधून आठ चॅनेल नेणारी जोडणी) आउटपुटमधून ऑप्टिकल केबल निघून नव्या डान्टेच्या डब्यात जाते. आठ जुने प्रीॲम्प त्यामुळे नेटवर्कवर येतात, कल्पना छानच आहे. पण जुना इंटरफेस ‘इंटर्नल’ क्लॉकवर आणि डान्टेचं नेटवर्क स्वतःच्या घड्याळावर. झाले दोन.

उपाय: नेटवर्कला पुढारी करा, जुन्याला मागून चालू द्या. नव्या डब्याच्या एडॅट आउटपुटमधून जुन्याच्या एडॅट इनपुटमध्ये आणखी एक ऑप्टिकल केबल लावा. तिच्यातून तुम्हाला एकही आवाज आणायचा नसला तरी लावा, कारण एडॅटच्या प्रवाहातच घड्याळ असतं. मग जुन्या इंटरफेसच्या पॅनेलमध्ये क्लॉक सोर्स ‘एडॅट’ करा. लॉक किंवा सिंकचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला पाहिजे. वर्ड क्लॉकचा गोल बीएनसी कनेक्टर असेल तर तेही चालेल, मात्र केबल 75 ओहमची हवी. सीसीटीव्हीच्या दुकानात मिळणारी आरजी59 ही 75 ओहमचीच असते. आरजी58 दिसायला तशीच, पण ती 50 ओहमची.

उलटंही करता येतं. डान्टे कंट्रोलर या उपकरणं जोडायच्या सॉफ्टवेअरच्या क्लॉक स्टेटस पानावर ‘एनेबल सिंक टू एक्स्टर्नल’ असा रकाना आहे. तिथं खूण केली की तो डबा बाहेरून येणाऱ्या घड्याळावर चालतो आणि अख्खं नेटवर्क त्याच्यामागे. पण मग जुना इंटरफेस कुणी बंद केला, त्याची यूएसबी निघाली, की सगळं हललं. मी हे सुचवत नाही. आणि बाहेरचं घड्याळ जोडलेलंच नसताना ही खूण कुणीतरी ‘सगळे पर्याय चालू केलेले बरे’ म्हणून करून ठेवलेली असते. तीही बघून घ्या.

जुना इंटरफेस स्वस्तातला असेल आणि त्याला बाहेरचं घड्याळ घेताच येत नसेल तर? तर त्याचा ॲनालॉग आउटपुट काढून डान्टेच्या ॲनालॉग इनपुटला द्या आणि मोकळे व्हा. ॲनालॉगमध्ये घड्याळाचा प्रश्नच येत नाही. “दोनदा कन्व्हर्जन होतं हो” अशी कुरकुर ऐकू येईल. अभंगाच्या रेकॉर्डिंगमध्ये तो फरक ओळखून दाखवणारा कान विरळा. ‘टक्’ मात्र मंडळातल्या शेवटच्या टाळकऱ्यालाही ऐकू येते.

आता नेटवर्कच्या आतलं. डान्टेची उपकरणं आपसांत निवडणूक करून एक क्लॉक लीडर ठरवतात. तुम्ही काही सांगितलं नसेल तर तो कुणीही होतो. कधी भक्कम प्रीॲम्पचा डबा, कधी हेडफोनसाठी लावलेलं बोटभर अडॅप्टर. क्लॉक स्टेटस पानावर ‘प्रिफर्ड लीडर’ची खूण असते, जुन्या आवृत्तीत ‘प्रिफर्ड मास्टर’ लिहिलेलं दिसेल. ती फक्त एकाच उपकरणाला करा. जे कायम चालू असतं, जे कुणी उचलून कार्यक्रमाला नेत नाही, अशाला. संगणकावरच्या डान्टे व्हर्च्युअल साउंडकार्डचा (संगणकालाच डान्टेचं उपकरण बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) इथं विचार नको, ते कधीच लीडर होऊ शकत नाही.

घड्याळासारखाच आणखी एक घोळ आहे, सॅम्पल रेटचा. जुनी कामं सीडीसाठी 44.1 वर केलेली, नवी 48 वर. काही सॉफ्टवेअर जुना प्रोजेक्ट उघडला की इंटरफेसचा रेट आपोआप बदलतात. गेल्या वर्षीचं भजन उघडून एक ओळ दुरुस्त केली, बंद केलं, आणि दुपारच्या गायकाला गोंधळ. डान्टेमध्ये दोन वेगळ्या रेटची उपकरणं जोडली जातच नाहीत, राउटिंगच्या चौकोनात हिरव्याऐवजी इशारा दिसतो. एडॅटवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते गुपचूप चालून जाऊ शकतं. 44.1 चं रेकॉर्डिंग 48 वर वाजलं तर सूर सुमारे दीड सेमीटोन चढतो. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठंतरी. पेटीवाला पट्टी शोधत बसतो आणि आपण पेटीला नावं ठेवतो. स्टुडिओचा एकच रेट ठरवा, 48 ठरवा, आणि जुने प्रोजेक्ट रूपांतर करूनच उघडा. काही लहान अडॅप्टर फक्त 48 वरच चालतात, हेही एक कारण.

विंडोजवाल्यांसाठी एक गोष्ट. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एका वेळी एकच एएसआयओ (विंडोजवर ऑडिओ इंटरफेस चालवणारा) ड्रायव्हर धरतं. यूएसबीचा जुना इंटरफेस आणि डान्टे व्हर्च्युअल साउंडकार्ड दोन्ही एकदम वापरायला म्हणून दोघांना एकत्र बांधणारे फुकटचे ड्रायव्हर लोक टाकतात. ते चालतातही. पण घड्याळं दोनच राहतात आणि ड्रायव्हर मधली तफावत कशीबशी सारवतो. त्यापेक्षा जुन्याचं संगणकाशी असलेलं नातं तोडा आणि वर सांगितलं तसं त्याला एडॅटवरून नुसता आठ प्रीॲम्पचा डबा म्हणून वापरा. संगणकात आवाज येण्याची वाट एकच ठेवा.

वीज गेली, आली, आणि परत तेच

खानापूरकडच्या एका स्टुडिओत मी हे डोळ्यांनी बघितलं. दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरनं भार घेतला, दिवे जरासे मिणमिणले, मॉनिटर चालू, कॉम्प्युटर चालू, गायकाला काही कळलंही नाही. रॅकच्या तळाशी नेटवर्क स्विचचे हिरवे दिवे मात्र सगळे एकदम विझले आणि मग एकेक करून पेटू लागले. स्विचचा अडॅप्टर त्या क्षणभराच्या खंडात तग धरू शकला नव्हता. कॉम्प्युटरचा मोठा पॉवर सप्लाय तेवढं सोसतो, हे चिमुकले अडॅप्टर सोसत नाहीत. मालकाचं म्हणणं, “वीज गेलीच नाही, इन्व्हर्टर आहे की.” त्यांच्या दृष्टीनं खरंच गेली नव्हती.

घरगुती इन्व्हर्टरवर बहुतेकदा दोन मोडचं बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल. नॉर्मलवर असेल तर बदलाचा खंड लांबतो. ते यूपीएसवर करा. आणि तरीही स्विच, क्लॉक लीडर असलेला डबा आणि कॉम्प्युटर या तिघांना खरा लहान यूपीएस द्या. पंखा, एसी, चहाची किटली त्यावर नको.

पण त्याच स्टुडिओत खरी गोम पुढं होती. महिन्याभरापूर्वी कुणीतरी येऊन स्विचमधली सगळी सेटिंग नीट लावून गेला होता. ती लागूही झाली होती. पण मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचमध्ये बऱ्याचदा बदल लगेच लागू होतात आणि तरीही कायमचे साठवले जात नाहीत. साठवण्याचं बटण वेगळं असतं, कोपऱ्यात लुकलुकत असतं. ते दाबलं नाही तर पुढच्या वेळी वीज गेली की स्विच जुन्या सेटिंगवर उठतो. इथं तसंच झालं होतं. प्रत्येक वेळी वीज जायची, स्विच बिनसेटिंगचा उठायचा, दोन-चार दिवसांनी कुणाच्या तरी टेकमध्ये ‘टक्’ यायची, आणि तोवर विजेचं कुणाच्या डोक्यातही नसायचं.

म्हणून सगळं लावून झालं की गिऱ्हाईक नसलेल्या दिवशी स्वतःच मेन स्विच पाडा. यूपीएसही बंद करा. मिनिटभर थांबा, चालू करा, आणि कुठल्याही उपकरणाला हात न लावता तीन गोष्टी तपासा: क्लॉक लीडर तोच आहे का, राउटिंगच्या सगळ्या खुणा हिरव्या आहेत का, स्विचचं सेटिंग टिकलं आहे का. ही परीक्षा पास झाल्याशिवाय काम झालं असं समजू नका आणि ज्यानं लावून दिलं त्याला पैसेही देऊ नका. जमलं तर ती त्याच्यादेखत घ्या.

वीज आल्यावरचा दुसरा त्रास घरातल्या इंटरनेटच्या राउटरचा. तो उठायला वेळ घेतो. तेवढ्यात काही उपकरणं कंटाळून स्वतःच 169.254 नं सुरू होणारा पत्ता घेतात, काहींना नंतर राउटरकडून 192.168 चा मिळतो. मग डान्टे कंट्रोलरच्या यादीतून एखादा डबा गायब. काही वेळानं तो सापडतोही, पण तोवर तुम्ही तीन केबली उपटलेल्या असतात. ऑडिओचा स्विच राउटरला जोडूच नका. डान्टेला चालायला इंटरनेट लागत नाही, आणि 169.254 चे पत्ते त्याला पूर्ण चालतात. व्हर्च्युअल साउंडकार्डचं लायसन्स चालू करताना तेवढं इंटरनेट लागतं, ते वायफायवरून करा आणि मग वायफाय बंद.

स्विचमधल्या दोन खोड्या

पहिली, वीज वाचवण्याची. 2010 साली आलेल्या 802.3एझेड मानकाप्रमाणे पोर्टवर वाहतूक नसली की स्विच त्याला क्षणभर झोपवतो. पॅनेलमध्ये तिचं नाव एनर्जी एफिशियंट इथरनेट किंवा ग्रीन इथरनेट. ऑफिसात छान, आपल्याकडे घातक. झोपलेलं पोर्ट उठायला लागणारा वेळ तसा अगदी थोडा, पण घड्याळाचे संदेश मागेपुढे पोचायला तेवढा पुरतो. लीडर बरोबर असूनही एखाद्या डब्याचं सिंक अधूनमधून सुटत असेल तर आधी हिच्याकडे बघा. काही स्वस्त अनमॅनेज्ड स्विचमध्ये ही सोय चालूच असते आणि बंद करता येत नाही, असा स्विच ऑडिओला घेऊ नये. लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डातही हीच खोडी असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, ॲडव्हान्स्ड टॅबखाली.

दुसरी आयजीएमपी स्नूपिंगची, आणि चार-साडेचार मिनिटांचं कोडं तिचंच. स्नूपिंग चालू असलं की स्विच मल्टिकास्टची वाहतूक फक्त मागणाऱ्या पोर्टवर पाठवतो. कोण मागतंय हे कळायला कुणीतरी मधून मधून विचारत राहावं लागतं, तो क्वेरिअर. मानकाप्रमाणे दर 125 सेकंदांनी विचारणा होते आणि 260 सेकंद उत्तर आलं नाही तर स्विच त्या पोर्टचं नाव कापतो. स्नूपिंग चालू केलं पण क्वेरिअर कुणालाच केलं नाही, तर सुरुवातीला सगळं बरोबर आणि 260 सेकंदांच्या आसपास घड्याळाचे संदेशच बंद. उपकरणं यादीत दिसत राहतात, कारण शोधायचे संदेश वेगळ्या पत्त्यावरून जातात. त्यामुळे माणूस चक्रावतो: डबा दिसतोय, आवाज नाही. उपाय सोपा: एका स्विचवर क्वेरिअर चालू करा, एकाच. किंवा एकच स्विच आणि पाच-सहा उपकरणं असतील आणि मल्टिकास्ट प्रवाह तुम्ही मुद्दाम बनवले नसतील, तर स्नूपिंग सरळ बंद ठेवा. लहान स्टुडिओला ते चालतं.

क्यूओएस (स्विचनं कुठली वाहतूक आधी सोडायची तो क्रम) लावायचं असेल तर डीएससीपीचे, म्हणजे त्या क्रमाच्या खुणेचे, आकडे असे: 56 घड्याळासाठी, सगळ्यांत वरचा क्रम, 46 आवाजासाठी, त्याखाली, 8 त्याहून खाली, बाकी सगळं तळाला. फक्त ऑडिओचाच स्विच असेल आणि सगळी पोर्ट गिगाबिटची असतील तर यानं फारसा फरक पडणार नाही. “नेटवर्क स्लो आहे म्हणून अडकतंय” हेही खरं नसतं. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटला चार चॅनेलचा एक प्रवाह सुमारे 6 मेगाबिट खातो, सोळा चॅनेल झाले तरी 24-25. गिगाबिटच्या पोर्टला हे काहीच नाही. अडचण वेगाची नसते, वेळेवर पोचण्याची असते.

केबल

बाजारात कॅट6 म्हणून जे स्वस्त गुंडाळं मिळतं त्यात पुष्कळदा तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ओळखायची खूण: टोकाची एक तार सोलून ब्लेडनं हलकेच खरवडा. आतून लाल-पिवळसर निघाली तर तांबं, पांढुरकी चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियम. हातात घेतलं तरी कळतं, पूर्ण गुंडाळं वजनाला हलकं लागतं. ही तार दोन-चारदा वाकवली की तुटते, आणि केबलमधूनच वीज घेणारी पीओई उपकरणं तिच्यावर असतील तर तापतेही. स्टुडिओत जिथं पाय पडतात, स्टँड सरकतात, तिथं ती टिकत नाही. भिंतीत घालायला तर अजिबात घेऊ नका.

गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, 100 मेगाबिटला दोन पुरतात. म्हणून एक जोडी तुटली तरी बऱ्याचदा दिवा पेटलेलाच राहतो, फक्त वेग 100 वर येतो. डान्टे कंट्रोलरमध्ये प्रत्येक उपकरणाचा लिंक स्पीड दिसतो. गिगाबिटच्या डब्यापुढं 100 दिसलं तर केबल बदला, विचार करू नका. लहान ॲनालॉग अडॅप्टर मुळातच 100 चे असतात, त्यांच्यापुढं ते बरोबर आहे.

खानापूरच्या पावसात चार महिने खोलीत ओल असते आणि आरजे45 च्या पिना काळवंडतात. पावसाळ्याआधी पॅच केबली नवीन घालणं स्वस्त पडतं. दोन इमारतींच्या मध्ये, किंवा गच्चीवरून शेजारच्या खोलीत केबल न्यायची असेल तर तांबं नकोच, फायबर टाका. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की तांब्याच्या केबलवरून येणारा झटका दोन्हीकडचे स्विच घेऊन जातो. फायबरमधून तो येत नाही, आणि 100 मीटरची मर्यादाही सुटते.

लॅपटॉप

फक्त संगणकावरच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘टक्’ येते आणि डान्टेच्या हेडफोनवर थेट ऐकताना येत नाही, तर नेटवर्क निर्दोष आहे. वायफाय बंद करा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, आणि व्हर्च्युअल साउंडकार्डची लेटन्सी (आवाज पोचायला लागणारा उशीर) 4 वरून 6 किंवा 10 मिलिसेकंद करून बघा. यूएसबीला लावायचा नेटवर्क अडॅप्टर वापरत असाल तर संशय आधी त्याच्यावर.

लेटन्सी वाढवली की गायक म्हणेल, “माझा आवाज मला मागून येतोय.” त्याचा मॉनिटर संगणकातून फिरवून देऊच नका. माइकच्या डब्यातून हेडफोनच्या डब्यात नेटवर्कवरूनच थेट द्या. डान्टेची नेहमीची लेटन्सी 1 मिलिसेकंद आहे, म्हणजे आवाजाला हवेतून फूटभर यायला लागतो साधारण तेवढा वेळ. तिथं 0.25 वर नेऊन शौर्य दाखवायची गरज नाही. 1 ठेवूनही लेटन्सीच्या आलेखात तांबडं दिसत असेल तर आकडा वाढवून झाकू नका, वरच्या केबल आणि स्विचकडे परत जा.

बदलाचा क्रम

आधी स्विच, यूपीएस आणि तांब्याच्या केबली. यांतून आवाज सुधारत नाही म्हणून यांवर खर्च करायला कुणाचा हात उचलत नाही, पण पाया तोच. मग गायनाच्या खोलीतला डबा. नंतर संगणकाची वाट डान्टेवर आणि जुना इंटरफेस एडॅटवर. हेडफोन शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर एक पूर्ण काम, म्हणजे अख्खा अल्बम किंवा अख्ख्या चित्ररथाचे संवाद, त्याच सेटअपवर पार पडू द्या आणि मगच पुढची खरेदी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर ‘टक्’ कुणाची ते सांगता येत नाही. जुना मल्टिकोअर (अनेक माइकांची एकत्र ॲनालॉग केबल) भिंतीतून काढू नका. ऐन शिवजयंतीच्या आदल्या रात्री स्विच गेला तर तोच कामाला येतो.

रॅकच्या आतल्या दारावर एक कागद चिकटवा: लीडर कोण, जुन्याचा क्लॉक सोर्स काय, सॅम्पल रेट किती, स्विचचा पत्ता आणि पासवर्ड. कामाला येणारी पोरं बदलतात. नवा पोरगा पॅनेलमध्ये ‘इंटर्नल’ बघून “हेच बरोबर असणार” म्हणून तसंच ठेवतो.

झालेल्या टेकचं काय?

मंडळ गावाला परत गेलं, पुन्हा बोलवणं शक्य नाही, आणि टेकमध्ये ‘टक्’ आहेत. त्या मोजक्या असतील तर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अगदी जवळ जाऊन पेन्सिलनं लाट हातानं जोडता येते, किंवा डीक्लिकचं (‘टक्’ पुसणारं) प्लगइन फक्त तेवढ्या तुकड्यावर चालवा. अख्ख्या ट्रॅकवर चालवू नका. टाळाचा आणि तबल्याच्या चाटेचा सुरुवातीचा तीक्ष्ण भाग त्याला क्लिकच वाटतो आणि तो खाऊन टाकतो.

घड्याळाच्या घोळातून आलेल्या ‘टक्’मध्ये मात्र सॅम्पल गळालेले किंवा वाढलेले असतात, त्यामुळे त्या ट्रॅकची लांबी बाकीच्यांपेक्षा बदललेली असते. वीस मिनिटांच्या भारुडात दहा लाखांत दहा भागांनी 576 सॅम्पलचा, म्हणजे 12 मिलिसेकंदांचा फरक पडतो. शेवटाकडे जुन्या इंटरफेसवरचा पखवाज आणि नव्या डब्यावरचा आवाज विस्कटल्यासारखे वाटतील ते यामुळे. अशा वेळी ट्रॅक ताणू नका. शांत जागा बघून, दोन कडव्यांच्या मध्ये, तो कापा आणि प्रत्येक तुकडा पुढच्या टाळाच्या ठोक्याला नव्यानं जुळवून बसवा.